होता तसाच, फक्त थोडा उंच

28 ऑगस्ट 2011 या दिवशी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, विल्यम्स नदीच्या काठावर, कुणीतरी कॅमेरा चालू ठेवून उभं होतं. समोर बार्टन्सव्हिलचा पूल होता. लाकडी पूल, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर. लांबून पाहिलं तर धान्याचं कोठार कुणी नदीवर आडवं ठेवलंय असं वाटावं. 1870 पासून तो तिथे उभा होता. आयरीन वादळाचा पाऊस डोंगरांत कोसळला, नदी फुगली, आणि त्या चित्रफितीत पूल कलतो आणि छपरासकट पाण्यात जातो. काही क्षणांत सगळं आटोपतं. मी ती चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. त्या गावाशी माझा काहीही संबंध नाही, तरी दर वेळी घशाशी काहीतरी दाटून येतं.

त्याच दिवशी, त्याच वादळाने शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा पूलही नेला. तो 1855 चा, निकोलस पॉवर्स या व्हरमाँटच्या कारागिराने बांधलेला. स्कोहॅरी नदीवर मधे एकही खांब न देता 210 फुटांचा एकच गाळा, आणि तोही लाकडाचा. जगातल्या सर्वांत लांब लाकडी गाळ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं.

पुढे दोन्ही पूल पुन्हा उभे राहिले. बार्टन्सव्हिलचा जानेवारी 2013 मध्ये खुला झाला, ब्लेनहाइमचा 2018 मध्ये. पण या दोन पुलांत एक मोठा फरक होता, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकापासून सुरू होतो. बार्टन्सव्हिलच्या पुलावरून गाड्या जात होत्या, तो रस्त्याचा भाग होता. ब्लेनहाइमच्या पुलावरून 1930 च्या दशकापासून एकही गाडी गेली नव्हती. शेजारी लोखंडी पूल झाला, वाहतूक तिकडे वळली आणि जुना पूल स्थानिक कारभाऱ्यांनी एक ठेवा म्हणून राखून ठेवला. लोक त्यावरून चालायला जायचे, एवढंच. म्हणून तो वाहून गेल्यावर आपत्ती निवारणाचा निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेने आधी हात वर केले. गावकरी आणि स्थानिक प्रशासन मागे लागले, अपिलं झाली, आणि अखेर पैसा मिळाला. खर्च 60 लाख डॉलरच्या वर गेला.

ज्याच्यावरून एकही गाडी जात नाही, अशा पुलासाठी सार्वजनिक पैसा एवढा खर्च करावा का? पूर, भूकंप, आग किंवा युद्ध यांत जिथे जिथे जुना, लोकांच्या जिवाभावाचा पूल जातो, तिथे हा प्रश्न येतोच. त्याच पुरात कुणाचं घर गेलेलं असतं, कुणाचं दुकान, कुणाचं माणूस. अशा वेळी पुलाच्या कमानीबद्दल बोलणाऱ्याकडे लोक विचित्र नजरेने पाहतात. ते पाहणं मला चुकीचं वाटत नाही. तरीही माझं उत्तर 'हो, करावा' असं आहे. पण त्या 'हो'ला एक अट जोडलेली आहे, आणि ती अट पाळायची तयारी नसेल तर माझं उत्तर 'नाही' असं होईल.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. नदीपलीकडे दवाखाना असेल, शाळा असेल, शेतं असतील, तर पहिलं काम तात्पुरता पूल टाकण्याचं. लोखंडी सांगाडा असो, तरंगता पूल असो, दिसायला कसाही असो. रुग्णवाहिका पलीकडे जायला लागली की मग वारशाची चर्चा. या दोन मागण्यांची गल्लत झाली की दोन्हीकडचं नुकसान होतं. जुन्याच्या प्रेमापोटी लोकांना वर्षानुवर्षं वळसा घालायला लावणं हा अन्याय आहे, आणि घाईचं कारण पुढे करून कायमचा म्हणून एक ओबडधोबड सिमेंटचा ठोकळा नदीवर बसवून मोकळं होणं हाही अन्यायच. घाई तात्पुरत्या पुलासाठी असावी. कायमच्या पुलाला वेळ लागला तरी चालेल.

आता, जुना पूल म्हणजे नेमकं काय गेलेलं असतं? किल्ला किंवा राजवाडा आपण बघायला जातो, पुलावरून आपण नुसते जातो. माणूस शाळेत जाताना त्यावरून गेलेला असतो, लग्न होऊन त्यावरून आलेला असतो, बापाला शेवटचं घेऊन त्यावरूनच गेलेला असतो. मुद्दाम कुणी त्याच्याकडे पाहिलेलं नसतं. म्हणून तो कोसळतो तेव्हा लोकांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं की आपल्याला एवढं का लागलं. शिवाय पूल ही दोन काठांची मिळून एक मालमत्ता असते. देऊळ एका आळीचं असू शकतं, वाडा एका घराण्याचा. पूल एका काठाचा असूच शकत नाही. लोकांनी एकत्र मालकी सांगावी अशा फार थोड्या वस्तू जगात उरल्या आहेत, आणि त्यांतली एक नाहीशी झाली तर तिच्या बदल्यात 'वाहतुकीची सोय' देऊन हिशेब पुरा होत नाही.

जपानमधल्या इवाकुनी शहराने हे फार लवकर ओळखलं होतं. तिथल्या निशिकी नदीवर किंताईक्यो नावाचा पूल आहे. पाच कमानी, मधल्या तीन मोठ्या आणि उंच; नदी ओलांडताना आपण टेकड्या चढतो-उतरतो तसं वाटेल अशा. खांब दगडाचे आणि वरचं सगळं लाकडाचं. 1673 मध्ये किक्कावा हिरोयोशी या सरदाराने तो बांधून घेतला आणि पुढच्याच वर्षी पुराने तो नेला. त्या लोकांनी काय केलं? लगेच पुन्हा बांधला, पण बांधताना एक बदल केला: खांबांच्या भोवती नदीचा तळच दगडांनी फरसबंद केला, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी खड्डा पाडणार नाही. शिवाय पुलाच्या देखभालीसाठी वेगळा कर बसवला. मधल्या कमानी साधारण वीस वर्षांनी उतरवायच्या आणि नव्या लाकडाने पुन्हा चढवायच्या असा क्रम पडला. दुसऱ्यांदा बांधलेला तो पूल 276 वर्षं टिकला.

मग तो गेला कसा? 14 सप्टेंबर 1950 ला किजिया नावाच्या चक्रीवादळात गेला, हे एका ओळीचं उत्तर. पण महायुद्धाच्या काळात देखभाल मागे पडली होती, आणि जवळच्या विमानतळाची धावपट्टी वाढवायला नदीतली वाळू-खडी मोठ्या प्रमाणात उपसली गेली होती. तीन शतकांच्या पूर्वजांनी ज्या तळाची काळजी घेतली होती तोच तळ उघडा पडला. वादळ निमित्त झालं. बहुतेक 'नैसर्गिक' आपत्तींची चौकशी नीट केली तर असंच काहीतरी सापडतं, आणि म्हणून पूल पडल्यावर पहिला प्रश्न 'नवा कसा बांधायचा' हा नसावा, 'जुना का पडला' हा असावा. नदी सहसा वरून पूल पाडत नाही. ती खांबाच्या पायथ्याची वाळू काढून घेते, ओंडके आणून कठड्याला अडकवते, पाण्याची पातळी पुलाच्या चालायच्या पाटापर्यंत आली की खालून उचलते. यांतलं नेमकं काय घडलं हे कळल्याशिवाय जे बांधाल ते त्याच पुराची वाट पाहत उभं राहील.

1950 नंतर इवाकुनीत वाद झाला. काळ युद्धानंतरचा, पैसा नाही, सरकारी विचार काँक्रीटच्या बाजूने. शहराने हट्ट धरला की लाकडाचाच हवा, होता तसाच. 1953 च्या जानेवारीत तो उभा राहिला. त्या शहराला शहाणं म्हणायला मी तयार आहे, आणि ते सौंदर्यामुळे नाही. काँक्रीटचा पूल झाला असता तर वीस वर्षांनी कमानी उतरवायचं कारण संपलं असतं. कारण संपलं की सुतार संपले असते. सुतार संपल्यावर पुढच्या पुरात पूल गेला असता तर 'होता तसाच' म्हणायला कुणी उरलंच नसतं.

या वीस वर्षांच्या हिशेबात मोठं शहाणपण आहे. एक माणूस आयुष्यात तो पूल तीनदा बांधू शकतो. पहिल्यांदा विशीत, हातोडी उचलून द्यायला. दुसऱ्यांदा चाळिशीत, स्वतः मुख्य कारागीर म्हणून. तिसऱ्यांदा साठीत, बाजूला बसून चुका दाखवायला. 1953 नंतरची मोठी पुनर्बांधणी मात्र थेट 2001 ते 2004 या काळात झाली. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. 1953 मध्ये पंचविशीत असलेला सुतार 2001 मध्ये त्र्याहत्तर वर्षांचा झाला. आणखी दहा वर्षं थांबले असते तर पहिल्या पुलावर प्रत्यक्ष काम केलेला हात दुसऱ्या पुलावर बहुधा पोचलाच नसता. लाकूड तोपर्यंत तग धरेल की नाही हा इंजिनिअरचा प्रश्न झाला. माझ्या मते खरा धोका हाताचा होता.

आता सगळ्यात जुना आक्षेप घेऊ: नवा बांधलेला जुना पूल म्हणजे नक्कल. जो गेला तो गेला, आता त्याच्या जागी त्याचा मुखवटा कशाला? या आक्षेपाला मी हलक्यात घेत नाही. वारसा सांभाळणाऱ्या जाणकारांमध्ये पुनर्बांधणीबद्दल कायम संशय राहिलेला आहे, आणि पर्यटकांसाठी घाईघाईने उभे केलेले 'ऐतिहासिक' देखावे पाहिले की तो संशय रास्त वाटतो.

पण फ्लॉरेन्सचा सांता त्रिनिता पूल पाहा. बार्तोलोमेओ अम्मानाती याने सोळाव्या शतकात बांधलेला. त्याच्या कमानीची वक्ररेषा इतकी सपाट आणि हलकी आहे की ती नेमक्या कोणत्या गणितातून आली यावर विद्वानांचे वाद झाले आहेत. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. 'होता तिथे, होता तसा' ही घोषणा इटलीत आधीपासून होती, कारण व्हेनिसचा घंटाघराचा मनोरा 1902 मध्ये कोसळल्यावर तो त्याच बोलीवर पुन्हा उभारला गेला होता. फ्लॉरेन्सने तीच बोली धरली. आत काँक्रीट आणि बाहेरून दगडाचं पांघरूण हा मार्गही चर्चेत होता. तो नाकारला गेला. आर्नो नदीतून जुने दगड काढले, कमी पडले त्यांच्यासाठी बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडली, आणि 1958 मध्ये पूल खुला झाला.

आतून काँक्रीट आणि वरून दगड, यालाच मी नक्कल म्हणेन. कारण तिथे दगड भार घेत नाही, तो फक्त दिसतो. दगडाने दगडाचं काम केलं, लाकडाने लाकडाचं केलं, सांधा जुन्या पद्धतीनेच बसला, तर त्या वस्तूचं वय कमी आहे एवढंच. वय कमी असणं हा खोटेपणा नाही. किंताईक्योत 1673 ची एकही तुळई आज नसेल, तरी तो पूल खोटा आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मोस्तारमध्ये तर हा प्रश्न दगडांनीच सोडवला. बोस्नियातला तो पूल, नेरेत्वा नदीवरची एकच उंच कमान, 1566 मध्ये मिमार हायरुद्दिन याने पूर्ण केलेली. 9 नोव्हेंबर 1993 ला तोफांच्या माऱ्याने तो पडला. युद्ध संपल्यावर हंगेरीच्या लष्करातल्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांनी नदीच्या तळातून जुने दगड वर काढले. सगळ्यांची इच्छा होती की तेच दगड पुन्हा लागावेत. तपासणीत ते लावण्याजोगे राहिले नाहीत असं ठरलं. मग त्याच भागातल्या 'तेनेलिया' नावाच्या दगडातून नवे चिरे घडवले. चिऱ्यात खाच पाडायची, लोखंडी आकडी बसवायची आणि वितळलेलं शिसं ओतून ती घट्ट करायची, ही जुनी रीत होती तशी वापरली. पूल पडण्याआधी घेतलेली मापं हाताशी होती म्हणून कमानीतले बारीक तिरकेपणसुद्धा जपता आले. 23 जुलै 2004 ला पूल खुला झाला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा मानलं. त्या पुलावरून नदीत उड्या मारायची तिथल्या तरुणांची जुनी परंपरा आहे. ती आजही चालू आहे, आणि उडी मारणाऱ्याला दगडाचं वय विचारायची गरज पडत नाही.

मापांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. ब्लेनहाइमचा पूल पुन्हा बांधता आला याचं मोठं श्रेय 1930 च्या दशकातल्या सरकारी नोंदींना आहे. त्या काळी त्या पुलाची सविस्तर मापं घेऊन रेखाटनं करून ठेवली होती. पूल पडणार आहे म्हणून कुणी ती केली नव्हती. जुन्या इमारतींची नोंद करून ठेवायची मोहीम होती, तिच्यात हा पूल आला, कागद कपाटात गेले आणि सात-आठ दशकांनी कामाला आले. आज उभ्या असलेल्या किती जुन्या पुलांची अशी मापं आपल्याकडे आहेत? पूल पडल्यावर जुने फोटो शोधत फिरणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. फोटोवरून कमान दिसते, पण तिच्या पोटातला सांधा दिसत नाही. मोजणीसाठी दोन-चार माणसं आणि थोडे महिने लागतात. कुठल्याही पुनर्बांधणीपेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे, आणि ते उभ्या पुलावरच करता येतं.

'होता तसाच' याचा अर्थ मात्र काही लोक फारच ताणतात. उंची तीच हवी, पाया तोच हवा, लांबी इंचभरही वाढायला नको. इथे मी शुद्धतावाद्यांच्या विरुद्ध आहे. ब्लेनहाइमचा नवा पूल जुन्यापेक्षा बराच वर उचलून बसवला, कारण नदी आता किती वर येऊ शकते हे 2011 ने दाखवून दिलं होतं. बार्टन्सव्हिलचा जुना पूल 151 फुटांचा होता, नवा 168 फुटांचा केला, म्हणजे पाण्याला जास्त वाट मिळाली. आतली लाकडी जाळी मात्र जुन्याच पद्धतीची, आडव्या-तिरप्या फळ्या एकमेकींवरून नेऊन लाकडी खुंट्यांनी जखडलेली, आणि वर छप्पर. (हे छप्पर वाटसरूंसाठी असतं असा अनेकांचा समज असतो. ते खरं तर लाकडासाठी असतं. जाळीवर पाऊस पडला नाही तर ती शंभर-दीडशे वर्षं टिकते, उघडी पडली तर काही वर्षांतच कुजायला लागते.)

यामुळे पूल देखणा कमी झाला असं कुणी म्हणेल. पायथ्याशी नवा, उंच आधार दिसतो, जुन्या फोटोशी ताडून पाहिलं तर फरक कळतो. कळू दे. मला तर तो फरक दिसायलाच हवा असं वाटतं. तिथून जाणाऱ्या मुलाने विचारावं की हा पूल एवढा वर का, आणि कुणीतरी सांगावं की एकदा पाणी इथपर्यंत आलं होतं. शिवाय 1674 मध्ये इवाकुनीच्या लोकांनी तेच केलं होतं. पूल पडल्यावर त्यांनी पाया बदलला, रूप ठेवलं. ज्यांना आपण परंपरा म्हणतो ती माणसं स्वतः पुरापासून शिकत होती. आपण त्यांची कमान घ्यायची आणि शिकणं टाकून द्यायचं, ही कसली निष्ठा?

आता पैसा. एवढ्या पैशात दोन साधे पूल झाले असते, हा युक्तिवाद दर वेळी होतो. गणित म्हणून तो बरोबरही असेल. पण तो फक्त बांधकामाचा खर्च मोजतो. बहुतेक ठिकाणी पैसा बांधायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही. बांधायला फीत असते, पाटी असते, भाषणं असतात. सांभाळायला गंज खरवडणारा माणूस असतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव पुलावर असतं, मग नव्याचे नऊ दिवस सरतात आणि कठड्याचा पहिला खिळा निसटतो तेव्हा तो कुणाच्या खात्यात येतो हेच ठाऊक नसतं.

सुरुवातीला म्हटलेली अट हीच. बांधायचं टेंडर काढण्याआधी सांभाळायची व्यवस्था कागदावर हवी. दर पावसाळ्यानंतर पायथा कोण तपासणार, त्यासाठी कुठला निधी राखून ठेवला आहे, तो निधी दुसरीकडे वळवता येणार नाही याची हमी काय, आणि तपासणीचा अहवाल लोकांना कुठे वाचायला मिळणार. लोकवर्गणी घ्यायची असेल तर तीसुद्धा बांधकामापेक्षा देखभालीसाठी घ्यावी असं माझं मत आहे. बांधकामाला वर्गणी देणारा एकदाच देतो आणि मोकळा होतो. देखभालीला दरवर्षी थोडंसं देणारा माणूस पुलावरून जाताना खाली वाकून पाहतो. इवाकुनीच्या जुन्या कराचं मर्म मला तेच वाटतं.

ही व्यवस्था करायला समाज तयार नसेल, तर मी म्हणेन साधा पूल बांधा. जुन्या रूपाचा पूल बांधून तो कुजायला सोडणं हे त्याला एकदा पुरात गमावण्यापेक्षा वाईट. पूर एका रात्रीत नेतो. दुर्लक्ष वीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोर नेत राहतं, आणि कधीकधी त्या दुर्लक्षाच्या शेवटच्या दिवशी पुलावर माणसं असतात.

आणखी एक ओझं पुलावर लादू नये. मोस्तारचा पूल पुन्हा उभा राहिला तेव्हा जगभर लिहिलं गेलं की दोन समाज पुन्हा जोडले गेले. वर्ल्ड बँकेपासून अनेक देशांपर्यंत सगळ्यांनी हात लावला होता, त्यामुळे ती भावना समजण्यासारखी होती. पण त्या शहरातल्या बोस्नियाक (तिथले मुस्लिम) आणि क्रोएट (तिथले कॅथलिक) मुलांचे अभ्यासक्रम पूल खुला झाल्यावरही वेगवेगळेच राहिले. दगडी कमान दोन काठ जोडू शकते, शाळेतली इतिहासाची दोन पुस्तकं जोडू शकत नाही. त्यामुळे पुनर्बांधणी फसली असं मी म्हणणार नाही. पुलाने त्याचं काम केलं. उरलेलं काम पुलाचं नव्हतंच, आणि ते पुलाच्या नावावर टाकून बाकीच्यांना मोकळं होता येऊ नये.

मात्र एकत्र बांधताना माणसं बदलतात, हे मी मानतो. पेरूमध्ये अपुरिमाक नदीच्या खोल घळीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे. सुमारे तीस मीटर लांब आणि पूर्ण गवताचा. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या चार गावांतली कुटुंबं तो नव्याने बांधतात. आधी डोंगरावरचं कडक गवत कापून, ओलं करून, दगडाने ठेचून मऊ केलं जातं. बायका ते तळहातांत घोळवत बोटाएवढी दोरी वळतात. प्रत्येक घराने ठरलेल्या लांबीची दोरी आणायची असते, आणि ती मोजून घेतली जाते. मग पुरुष त्या दोऱ्यांना पीळ देऊन जाड करतात, त्या जाड दोऱ्यांची वेणी घालतात, आणि मांडीएवढ्या जाडीचे दोर तयार होतात. चार दोर पायाखाली, दोन हाताला. दोन काठांवरची माणसं समोरासमोर बसून ओढतात, घळीच्या मधोमध येऊन भेटतात. जुना पूल कापून खाली नदीत सोडला जातो. तो गवतच असतो, वाहून जातो, कुजतो.

जवळच गाड्यांसाठी लोखंडी पूल आहे. म्हणजे गरजेच्या हिशेबाने केस्वाचाकाची गत ब्लेनहाइमसारखीच. तरीही लोक बांधत राहिले, आणि 2013 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली ती दोराची नाही, दोर वळण्याच्या ज्ञानाची आणि विधींची.

2020 च्या जूनमध्ये महामारीमुळे गावांना एकत्र जमता आलं नाही. एक वर्ष चुकलं. मार्च 2021 मध्ये पूल तुटून घळीत पडला. त्याला ना वादळ लागलं ना तोफ. काही महिन्यांनी, जूनमध्ये, माणसं पुन्हा गवत कापायला डोंगरावर गेली, आणि दोन्ही काठांवरून दोर ओढले गेले.